वेगवान म्हणून भरवशाचा? टॉरच्या एक्झिट रिलेंचं २०२० मधलं प्रकरण

विकेंद्रित नेटवर्कमध्ये अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा कसा, यावर बोलताना लोक लगेच ब्लॉकचेन वगैरेकडे वळतात. मला विचाराल तर त्याहून जास्त शिकवणारं प्रकरण टॉर नेटवर्कमध्ये, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायच्या नेटवर्कमध्ये घडलेलं आहे, आणि ते मला आतून लागलंय कारण मी स्वतः बरीच वर्षं एक छोटा मिडल रिले चालवतोय. २०२० मध्ये एका गटाने टॉरमधली बरीच मशीन स्वतःची लावून त्यातून जाणाऱ्या लोकांचे बिटकॉइन आपल्याकडे वळवले. त्या गटाची ओळख कधी बाहेर आली नाही, त्यामुळे खाली त्याला नुसतं "तो गट" म्हणतो. ज्या संशोधकाने हे उघड केलं तोही टोपणनावानेच काम करतो, त्याचं नाव इथे घेत नाही.

पार्श्वभूमी

आधी टॉर चालतं कसं ते थोडक्यात. ट्रॅफिक वाहून नेणारी मशीन जगभरातले लोक आणि संस्था आपापल्या खर्चाने लावून देतात, त्यांना रिले म्हणतात, आणि २०२० मध्ये असे सहा हजारांच्या वर रिले होते. तुमचं ट्रॅफिक तीन रिलेंमधून जातं, पहिला गार्ड, मग मिडल, शेवटी एक्झिट. गार्डला तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही, एक्झिटला कुठे चाललात ते कळतं पण तुम्ही कोण ते कळत नाही.

यात एक्झिट सगळ्यात नाजूक जागा. टॉरचं शेवटचं एन्क्रिप्शन तिथे सुटतं, म्हणजे पुढची साइट साध्या, बिनएन्क्रिप्टेड एचटीटीपीवर असेल (एन्क्रिप्टेड एचटीटीपीएसवर नसेल) तर एक्झिटवाला सगळं वाचू शकतो आणि बदलूही शकतो. ही काही नवी गोष्ट नाही, २००७ मध्येच स्वीडनमधल्या एका सिक्युरिटी सल्लागाराने फक्त पाच एक्झिट लावून कितीतरी दूतावासांचे ईमेल पासवर्ड गोळा करून जाहीर केले होते आणि त्यात भारतीय दूतावासही होते. टॉरने आपोआप सगळं सुरक्षित होतं असं समजून लोक बिनएन्क्रिप्टेड ईमेल त्यावरून वाचत होते.

आता रिले म्हणून आत यायचं कसं? कोणीही येऊ शकतो, नाव-गाव-पत्ता काही लागत नाही. कॉन्फिगमध्ये संपर्कासाठी एक रकाना असतो, त्यात काहीही लिहा किंवा रिकामा ठेवा. "हे सगळे रिले माझेच आहेत" हे सांगायला मायफॅमिली म्हणून एक सेटिंग आहे, म्हणजे एकाच मालकाचे दोन रिले एका सर्किटमध्ये, म्हणजे तीन रिलेंच्या एका मार्गात, येऊ नयेत, पण तेही ज्याने त्याने स्वतःहून भरायचं.

मग चांगला-वाईट ठरवतं कोण? टॉरला आपण विकेंद्रित म्हणतो खरं, पण मध्यभागी नऊ डिरेक्टरी ऑथॉरिटी आहेत, त्या चालवणारी माणसं समाजात ओळखीची आहेत आणि त्यांचे पत्ते टॉर सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेले असतात. ह्या ऑथॉरिटी दर तासाला मतदान करून चालू रिलेंची एक यादी काढतात, तिला कन्सेन्सस म्हणतात. कोण चालू आहे, कोण स्थिर, कोण फास्ट, कोणाला गार्ड म्हणायचं, असे शिक्के त्यात असतात आणि प्रत्येकाचा वेग मोजून त्याप्रमाणे वजन दिलेलं असतं. वजन जास्त तर तुमच्याकडे ट्रॅफिक जास्त.

नवीन रिलेला लगेच फार काही मिळत नाही. पहिले तीन दिवस जवळजवळ रिकामाच असतो, मग वेग मोजला जातो, गार्डचा शिक्का मिळायला निदान आठ दिवस जातात आणि गार्ड म्हणून पूर्ण भर यायला दोन महिन्यांच्या वर लागतात. आपल्याकडे भिशीत नवीन माणसाला पहिला नंबर देत नाहीत ना, तसंच, आधी चार हप्ते भरताना दिसू दे मग बघू. पण एक्झिटला ही गार्डसारखी लांब वाट बघणी नाही. बाहेरच्या साइटकडे जाणारे पोर्ट उघडे ठेवले की एक्झिटचा शिक्का मिळतो, वेग मोजला गेला की ट्रॅफिक सुरू. म्हणजे सगळ्यात नाजूक जागेवर सगळ्यात लवकर बसता येत होतं. यामागे कारणही होतं. एक्झिट चालवणाऱ्याला तक्रारी येतात, कधी पोलिसांची पत्रं येतात, त्यामुळे एक्झिट कायम कमी असतात आणि जो कोणी लावतोय त्याचं स्वागतच व्हायचं. मी स्वतः मिडलवर थांबलोय तो याच भीतीने, त्यामुळे जे एक्झिट चालवतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण काय झाली

जानेवारी २०२० पासून एका गटाने एक्झिट वाढवायला सुरुवात केली. २२ मे २०२० ला त्यांच्याकडे सुमारे ३८० एक्झिट होते आणि नेटवर्कच्या एकूण एक्झिट क्षमतेपैकी २३.९५ टक्के भाग त्यांच्या हातात होता. साधारण दर चौथं कनेक्शन यांच्या मशीनमधून बाहेर पडत होतं.

करत काय होते, तर बहुतेक ट्रॅफिकला हातही लावत नव्हते. फक्त क्रिप्टोकरन्सीच्या थोड्या साइट, त्यातही मुख्यतः बिटकॉइन मिक्सर (कोणाचे बिटकॉइन कुठून आले हे कळू नये म्हणून ते एकत्र मिसळून देणाऱ्या साइट), एवढ्यांवर डोळा होता. आपण ॲड्रेस बारमध्ये साइटचं नुसतं नाव टाकतो तेव्हा ब्राउझर त्या काळी आधी साध्या एचटीटीपीने जायचा, मग साइट सांगायची की इकडे एचटीटीपीएसवर या. हा निरोप एक्झिटमधून येतो. तो गट हा निरोप मधेच गिळायचा, साइटशी स्वतः एचटीटीपीएसवर बोलायचा आणि तुम्हाला मात्र साध्या एचटीटीपीवरच ठेवायचा. याला एसएसएल स्ट्रिप म्हणतात. सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग येत नाही, ॲड्रेस बारमधलं कुलूप फक्त दिसत नाही, आणि कुलूप दिसत नाहीये हे घाईत कोणाच्या लक्षात येतं? मग पानावर जो बिटकॉइनचा पत्ता असायचा तो बदलून स्वतःचा टाकायचा. पैसे गेले की गेले, बिटकॉइनमध्ये व्यवहार उलटा फिरवायला बँक नाही.

मला या प्रकरणात खरी शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते की नेटवर्कच्या मोजपट्टीवर हे रिले उत्तम होते. वेगवान, स्थिर, चोवीस तास चालू. शिक्के मिळत होते ते योग्यच मिळत होते. मोजपट्टी ताकद मोजत होती आणि आपण सगळे त्यालाच नियत समजून बसलो होतो.

लोकांचे अभिप्राय घेऊन पत ठरवण्याच्या पद्धती आहेत की, २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या तिघांनी फाइल शेअरिंगसाठी आयगनट्रस्ट नावाची पद्धत मांडली होती. ज्याच्याकडून चांगली फाइल मिळाली त्याला तुम्ही गुण द्यायचे, आणि ज्याला चांगले गुण आहेत त्याने दिलेल्या गुणांना जास्त वजन, असं करत सगळ्या नेटवर्कची पत निघते. बिटटॉरेंट त्याहून साधं, तू मला तुकडा दे मी तुला देतो, नाही दिलास तर बंद. पण हे दोन्ही चालतं कारण समोरच्याने काय दिलं ते मला दिसतं. टॉरमध्ये वापरणाऱ्याला आपलं कनेक्शन कुठल्या एक्झिटने बिघडवलं हे बहुतेक वेळा कळतच नाही, दहा मिनिटांत सर्किट बदललेलं असतं, कोणी कुठून गेलं याची नोंद नेटवर्क मुद्दाम ठेवत नाही कारण ती न ठेवणं हाच तर टॉरचा शब्द आहे. फसलेला माणूस तक्रार करायलाही येत नाही, मिक्सर वापरणारा कशाला येईल सांगायला? म्हणजे ज्या गुणामुळे लोक टॉरवर विश्वास ठेवतात त्याच गुणामुळे अभिप्रायाचा रस्ता बंद आहे.

तपासणी होत नव्हती असं नाही. प्रत्येक एक्झिटमधून मुद्दाम साइट उघडून काही बदललंय का बघणारी एक्झिटमॅपसारखी टूल्स २०१४ पासून आहेत. पण तुम्ही कुठल्या साइट तपासताय यावर सगळं अवलंबून, आणि हा गट मोजक्याच साइटना हात लावत होता.

वेळही वाईट होती. कोविडमुळे पैसे आटले आणि एप्रिल २०२० मध्ये टॉर सांभाळणाऱ्या टॉर प्रोजेक्ट या संस्थेला १३ लोकांना कमी करावं लागलं, म्हणजे साधारण एक तृतीयांश माणसं. नेमक्या त्याच महिन्यांत हा गट वाढत होता.

समोर काय पर्याय होते

पहिला आणि उघड पर्याय, सापडले की हाकला. ऑथॉरिटींपैकी बहुमताने एखाद्या रिलेचा फिंगरप्रिंट (त्याचा ओळखक्रमांक) किंवा आयपी नाकारला की तो कन्सेन्ससमधून जातो. यात फायदा असा की नुकसान लगेच थांबतं. तोटा असा की समोरच्याला कळतं आपण सापडलो, आणि ज्या खुणेने सापडलो ती खूण पुढच्या वेळी तो पुसून येतो.

दुसरा, ओळख मागा. संशोधकाने जी सूचना मांडली ती दोन पायऱ्यांची होती, आत्ता लगेच म्हणजे एक्झिट किंवा गार्ड व्हायचं तर निदान ईमेल पडताळलेला हवा, आणि पुढे जाऊन ज्याच्याकडे एक्झिट किंवा गार्ड क्षमतेच्या ०.५ टक्क्याहून जास्त आहे त्याचा टपालाचा पत्ताही पडताळायचा. ऐकायला सरळ वाटतं. पण टॉर चालवणारे काही लोक अशा देशांत आहेत जिथे हे चालवणंच धोक्याचं आहे. आपल्याकडेही बघा, एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन आणि व्हर्च्युअल सर्व्हर विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा मुंबईतला भाड्याचा सर्व्हर घेऊन कोणी रिले लावतोय त्याला अजून एका ठिकाणी आपला पत्ता द्यायला सांगणं म्हणजे त्याला नको सांगण्यासारखंच आहे.

तिसरा पर्याय मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. कोणालाही अडवू नका, नाव विचारू नका, पण ज्यांना कोणीच ओळखत नाही अशा सगळ्या रिलेंचा मिळून नेटवर्कवरचा वाटा एका मर्यादेबाहेर जाऊ देऊ नका. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, अमेरिकेत एक्झिट चालवणाऱ्या रीतसर नोंदणी केलेल्या संस्था आहेत, त्यातले लोक एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले आहेत. निदान अमुक टक्के ट्रॅफिक ओळखीच्यांकडून जाईल एवढं बघायचं. पतसंस्थेत कर्जाला जामीनदार लागतो पण खातं उघडायला कोणीही येऊ शकतो, तसं काहीसं. याचा तोटा म्हणजे ओळखीच्यांचं वर्तुळ छोटं राहतं, आणि "ओळखीचा" कोण हे परत चार माणसंच ठरवणार.

चौथा पर्याय रिलेकडे बघतच नाही. ब्राउझरमध्ये साधं एचटीटीपी बंदच करून टाका, म्हणजे एक्झिट वाईट असला तरी त्याच्या हाताला काही लागणार नाही.

काय केलं

पहिला पर्याय घेतला गेला. मे मध्ये रिले काढले, तो गट परत आला. साधारण ३० दिवसांत ४ टक्क्यांवरून परत २२ टक्क्यांच्या पुढे गेला. २१ जूनला परत काढले.

परत येणं इतकं सोपं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. रिलेची ओळख म्हणजे एक क्रिप्टोग्राफिक चावी, ती नवीन बनवायला सेकंद लागतो, सर्व्हर भाड्याने दुसरीकडे मिळतो. बोगस रेशनकार्डासारखं, एक रद्द केलं की दुसऱ्या नावाने दुसरं. याला सिबिल हल्ला म्हणतात आणि २००२ मध्येच मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जॉन डूसरने दाखवून दिलं होतं की ओळख तपासणारा कोणी मध्यवर्ती नसेल तर व्यवहारात हा हल्ला पूर्णपणे टाळता येत नाही. नवख्या एक्झिटला जी पत सुरुवातीला मिळते तीच पत हाकललेल्याला नव्या नावाने मिळते, त्याचं गेलं काय, तर रिले परत उभे करायचे थोडे दिवस आणि थोडं भाडं.

ऑगस्ट २०२० मध्ये संशोधकाने हे उघड केल्यावर टॉर प्रोजेक्टनेही स्वतः सगळं जाहीर केलं, कसं झालं, काय केलं. हे मला फार मोलाचं वाटतं, बऱ्याच ठिकाणी असं झाकून ठेवतात.

दुसऱ्या पर्यायाचं जरा मऊ रूप त्या संशोधकाने पुढे बनवलं. संपर्काच्या रकान्यासाठी एक ठरलेली पद्धत, ज्यात तुम्ही आपलं डोमेन लिहायचं आणि त्या डोमेनवर रिलेचा फिंगरप्रिंट असलेली छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींमध्ये, तशी नोंद करायची. डोमेन रिलेला दुजोरा देतं, रिले डोमेनला. घरचा पत्ता कोणाला द्यायचा नाही, पण "हे वीस रिले त्याच माणसाचे" हे मात्र पक्कं कळतं.

काय निष्पन्न झालं

जूनमधल्या कारवाईनंतरही ८ ऑगस्ट २०२० ला १० टक्क्यांहून जास्त एक्झिट क्षमता त्यांच्याकडेच होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर २७ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे आधीच्या शिखरापेक्षाही जास्त. मग मे २०२१ मध्ये अंगाशी येईल असं काहीतरी केलं, एकदम इतके एक्झिट आणले की नेटवर्कमधली एक्झिटची संख्या साधारण १,५०० वरून २,५०० च्या पुढे गेली. हे कोणाच्याही नजरेत भरणारच, लगेच काढले गेले. हळूहळू वाढतो तो दिसत नाही आणि एकदम वाढतो तो दिसतो, एवढीच त्या वेळची खरी पकड होती.

किती जणांचे पैसे गेले याची यादी कुठे नाही आणि होणारही नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये दुसराच एक गट उघड झाला, केएएक्स१७ नावाने ओळखतात. निदान २०१७ पासून, एका वेळी ९०० च्या वर सर्व्हर, आणि संपर्काचा रकाना रिकामा. हे एक्झिटवर पैसे चोरत नव्हते, मुख्यतः गार्ड आणि मिडल म्हणून बसले होते, आणि एक वेळ अशी होती की तुमचा मधला रिले त्यांचा असण्याची शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत होती. संशोधकाच्या मते त्यांच्याशी जोडलेला एक ईमेल पत्ता रिलेंचे नियम कडक करावेत का या चर्चेतही होता, आणि कडक नियमांच्या विरोधात बोलत होता. हे वाचल्यावर मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण त्याच चर्चेत मीही मनातल्या मनात "नियम नकोत" च्या बाजूने होतो, चांगल्या हेतूने.

वेगळं काय करता आलं असतं

हाकलायचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, लोकांचे पैसे जात असताना बघत बसता येत नाही. पण मे मध्ये हाकलल्यावर तो परत येणार हे धरून चालायला हवं होतं, आणि पहिल्या महिन्याभरात नव्या एक्झिटच्या वजनावर तात्पुरती मर्यादा घालायला हवी होती, गार्डला असते तशी. वेग कमी झाला असता, लोकांनी कुरकुर केली असती, पण ३० दिवसांत २२ टक्के शक्य झाले नसते. गार्डसाठी सावकाश चढण्याची शिडी होती तशी एक्झिटसाठी का नव्हती, याचं "एक्झिट कमी आहेत" हे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर मे २०२० नंतर पुरत नव्हतं.

टपालाच्या पत्त्याच्या मी विरोधात आहे, आजही. ज्याच्याकडे पैसा आणि वाईट हेतू आहे तो कुठल्याही देशात कंपनी काढून पत्ता आणून देईल, अडेल तो एकटा विद्यार्थी. डोमेनची पद्धत मला पटते ती यासाठी की तिथे ओळख उघडी करावी लागत नाही पण जुनी होऊ शकते. पाच वर्षं एकच डोमेन, त्याच्यामागे तेच रिले, हे गमवायला कोणालाही जड जातं. नवीन डोमेन स्वस्तात मिळतं हे खरं, म्हणून नुसती फाइल आहे यावर काही देऊ नये, ती किती जुनी आहे यावर द्यावं. आणि वेगाचा शिक्का आणि हा शिक्का वेगळे ठेवावेत, एकात मिसळले की परत तेच.

पण सगळ्यात मोठा पश्चात्ताप मला चौथ्या पर्यायाचा वाटतो. टॉर ब्राउझरमध्ये तेव्हा एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे एक्स्टेंशन आधीपासून होतं आणि त्यात सगळ्या साइट एचटीटीपीएसवरच उघडायचा पर्यायही होता, फक्त तो आपणहून चालू करावा लागायचा. काही जुन्या साइट उघडणार नाहीत या भीतीने तो बंद ठेवलेला. फायरफॉक्समध्ये फक्त-एचटीटीपीएस मोड नोव्हेंबर २०२० मध्ये आला, टॉर ब्राउझर फायरफॉक्सच्या जुन्या स्थिर आवृत्तीवर चालतो म्हणून तो तिथे पोचायला नोव्हेंबर २०२१ उजाडला, आणि डेस्कटॉपवर सगळ्यांसाठी आपोआप चालू झाला तो जुलै २०२२ मध्ये ११.५ आवृत्तीत. मे २०२० ते जुलै २०२२. त्या काळात मला जे कोणी टॉरबद्दल विचारायचे त्यांना मी ब्राउझर उतरवून द्यायचो, कसं वापरायचं ते दाखवायचो, आणि तो एक टिक करायला सांगायचं मला एकदाही सुचलं नाही.